तेवीस नंबरचं कासव

ऋतुजाने आधी रंग ओळखला, आकडा नंतर. सकाळचे सव्वाआठ झाले होते, ती ओट्यावर बसून चहात खारी बुडवत होती, आणि मोबाइलवर कोकणातल्या ग्रुपचे नऊ मेसेज एकदम येऊन पडले. पहिला नुसता फोटो. होडीच्या तळाशी निळ्या जाळ्यात गुरफटलेलं कासव, मान वर उचललेली, तोंड किंचित उघडं, आणि पाठीवर पिस्ता रंगाचे फराटे. तिने नजर वर केली. अंगणापलीकडे भाड्याच्या खोल्यांची रांग होती. बारा खोल्या, बारा दारं, बाराही पिस्ता. दारांवरच्या पांढऱ्या भिंतीवर खोल्यांचे आकडे, तेही पिस्ताच, कारण एका डब्यात काम भागत असताना दुसरा डबा आणणाऱ्यांतले तिचे अण्णा नव्हेत. हा असला रंग अख्ख्या हडपसरात दुसऱ्या कुणी दाराला लावला नव्हता, मग समुद्रातल्या कासवाच्या पाठीवर तो कुठून यावा? तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. फराटे नव्हते, आकडा होता. २३. मराठीत काढलेला, तिनाची शेपटी जरा लांब. अक्षर तिचंच होतं. खारी केव्हाच विरघळून कपाच्या तळाशी गेली होती.

फोटोखाली व्हिडिओ होता. होडीवरचा कुणी तरी ओरडत होता, “जिवंत आसा रे, जिवंत!” आणि दुसरा सुरीने जाळं कापत होता. मग कासव पाण्यात पडल्याचा आवाज, थोडा फेस, आणि पाण्याखालून लांब जाणारा तो पिस्ता डाग. त्याखाली लोकांचा संताप. जिवंत जनावराला ऑइल पेंट फासणारा हा महाभाग कोण? लाज नाही वाटत? दोघातिघांनी नुसतेच लाल चेहरे टाकले होते. शेवटचा मेसेज तनुजाताईंचा. कासवांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं किनाऱ्यावरचं सगळं काम त्याच बघतात, आणि रागावल्या की त्या एकेका वाक्यानंतर पूर्णविराम देतात. ‘हा आपलाच आकडा आहे. मृत कासवावर घालतो तो. २३ नंबर कुणी घातला. शीट ऋतुजाकडे आहे. ऋतुजा, बघून सांग.’ बघून काय सांगायचं! तिने फोन पालथा ठेवला. तरी आतून तो थरथरतच होता.

रंगाची भानगड साधी होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची. वर्गातले बाकीचे कुणी नदीचं पाणी तपासायला गेले, कुणी एसीत बसून नकाशे काढायला. ऋतुजा आणि आमोद जानेवारीत सहा आठवड्यांसाठी कोकणात गेले. लोकांना वाटतं समुद्राचं काम म्हणजे पिल्लं सोडायची, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचे. यांच्या वाट्याला मेलेली कासवं आली होती. रोज पहाटे सात किलोमीटर किनारा चालायचा, वाहून आलेलं मेलेलं कासव दिसलं की टेप लावून पाठ मोजायची, जखमा लिहायच्या, आणि पाठीवर रंगाने आकडा घालायचा, म्हणजे उद्या भरतीने तेच कासव पुढे नेऊन टाकलं तर परत मोजलं जात नाही. रंग म्हणजे एवढंच: हे झालं, याच्याकडे आता बघू नका. येताना आणायच्या वस्तूंच्या यादीत ‘रंग व ब्रश’ असं होतं. अण्णांनी यादी चष्मा कपाळावर ढकलून वाचली आणि म्हणाले, “इकत कशाला घ्यायचा? दारांचा उरलाय की अर्धा डबा.” मग स्वतः झाकण ठोकून बसवलं, वरून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला सुतळी. बारशाला निघाल्यासारखी तिची बॅग भरली त्यांनी. गावातल्या लोकांना सांगताना मात्र त्यांची पंचाईत व्हायची. पोरगी काय करती? रिसर्च करती. कशाचा? अण्णा जरा थांबायचे आणि म्हणायचे, “समुद्राचा.” मेलेली कासवं मोजती, हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. घरात ‘मेलेली’ या शब्दाने आधीच फार जागा घेतली होती.

आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. घर भलं मोठं. जमीन बिल्डरला गेली तेव्हा अण्णांनी दोन मजली बांधलं होतं, खाली पाच खोल्या, वर चार, आणि माणसं दोन. भाडेकरूंच्या रांगेत दिवसभर कल्ला असायचा, कुकरच्या शिट्ट्या, पोरांची रडारड, आयटी पार्कात वॉचमनगिरी करणाऱ्यांच्या फोनवरच्या भोजपुरी गप्पा. आणि या घरात मात्र भांडं पडलं तरी दोघं एकमेकांकडे बघायची. बोलणं व्हायचं, नाही असं नाही. जेवलीस का, गॅस संपलाय, सात नंबरवाला खोली सोडतोय. एवढ्यावर दोन माणसांचं दिवसच्या दिवस भागतं, हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. तिने कप विसळला, बॅग घेतली. अण्णा गेटपाशी उभे राहून चुन्याची बादली ढवळत होते. “आज उशीर?” “नाही.” “सात नंबरची भिंत मारतो आज चुन्यानं. उद्या नवं बिऱ्हाड येतंय.” ती हो म्हणाली आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर पडली.

गाडीतळावरून बस मिळाली, खिडकीची जागासुद्धा मिळाली, पण आज तिला खिडकी नको होती. काचेत आपलाच चेहरा दिसतो आणि चेहऱ्यामागे सगळं सरकत राहतं. फोनवर तनुजाताईंचा दुसरा मेसेज आला होता, नुसतं प्रश्नचिन्ह. खरं म्हणजे एक ओळ लिहायची होती. ‘मी घातला.’ दोन शब्द. माफ करा जोडलं तर चार. लोक दोन दिवस बोलले असते, तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं काही मिळालं असतं. आणि गंमत म्हणजे बातमी चांगली होती! एक जीव वाचला होता. शेजारच्या सीटवरच्या बाईला हा व्हिडिओ दाखवला असता तर तिने ‘अगं बाई, किती छान’ म्हणून हात जोडले असते. मग? ते कासव पाण्याखालून गेलं तेव्हा आपल्याला आनंद का झाला नाही? झाला नाही हे तर खरंच, पण त्याहून वाईट गोष्ट ती स्वतःशी कबूल करत होती, आणि त्याने तिचे कान तापले होते. फोटो बघून तिच्या मनात पहिल्यांदा आलं होतं: हे मेलेलं असायला हवं होतं.

आमोद कॉलेजच्या कँटीनमध्ये वाट बघत होता. तो वारज्याचा, सरळ, बडबड्या मुलगा. जगात वाईट काही घडलं तरी त्यातून एक प्रेझेंटेशन निघतं असा त्याचा पक्का विश्वास. “तू बघितलंस? अगं वेडी आहेस का, तोंड काय पाडून बसलीस? टेक्निकली ही गुड न्यूज आहे यार! मेलेलं कासव जिवंत निघालं. शुक्रवारच्या प्रेझेंटेशनला शेवटची स्लाइड हीच. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील.”

“आकडा मी घातलाय.”

“मग? मी टेप धरली होती. आपण दोघांनी घातला म्हणू. गुदमरलेलं कासव मेल्यासारखंच दिसतं, पहिल्या दिवशी तनुजाताईंनीच सांगितलं नव्हतं? तासन्‌तास पडून राहतं म्हणाल्या. होतं असं. सगळ्यांचं होतं.” त्याने समोशाचा तुकडा तोंडात टाकला आणि मग सहज, अगदी सहज विचारलं, “तेव्हा हललं वगैरे नव्हतं ना गं?”

“नाही,” ती म्हणाली.

हललं होतं. उजवा पुढचा पर, वल्ह्यासारखा चपटा, टोकाशी किंचित वर उचलला गेला आणि परत वाळूवर टेकला. एकदाच. तेवीस जानेवारीची ती सकाळ, तारीख लक्षात राहायचं कारण आकडाही तेवीसच आला म्हणून आमोद हसला होता. कासव ताजं होतं, वास नाही, डोळे शाबूत, कुठे जखम नाही, नुसतं झोपल्यासारखं. आमोद मापं सांगून पुढे गेला होता, पुढच्या खडकांपाशी अजून एक दिसतंय म्हणून. ती एकटी उभी होती, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फॉर्मची पाटी, आणि फॉर्मवर तो रकाना होता: ‘मृत असल्याची खात्री – डोळ्याला हलका स्पर्श, प्रतिसाद आहे / नाही.’ तनुजाताईंनी करून दाखवलं होतं. बोटाचं टोक ओलं करायचं, डोळ्याच्या कडेला लावायचं. जिवंत असेल तर पापणी आकसते. नुसती शंका आली तरी रंग घालायचा नाही, मागची बाजू उंच करून सावलीत ठेवायचं, ओलं फडकं टाकायचं, फोन करायचा, दिवसभर थांबायचं. सोपं होतं. लहान मुलालासुद्धा जमलं असतं. पर हलला तेव्हा तिला तो चांगला दिसला, भास नव्हता. तिने आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. आणि मग तिच्या डोक्यात एक शब्द आला, तयार, घडी घातलेला, जणू खिशातच होता: रिफ्लेक्स. मेल्यावरही स्नायू हलतात. त्याला काही अर्थ नसतो. तिने बोट ओलं केलं नाही. ‘नाही’ला गोल केला, आणि ब्रश बुडवून पाठीवर दोन काढला, मग तीन काढला, शेपटी जरा लांब ओढली, आणि आमोदच्या मागे चालू लागली. मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी कासव तिथे नव्हतं. भरतीने नेलं, असं तिने लिहिलं.

तो शब्द तिला दिला होता एका डॉक्टरांनी. भला माणूस होता, उगाच बोल लावण्यात अर्थ नाही. आई नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. दळण आणायला गेली होती, गिरणीच्या पायरीवरच बसली आणि मग आडवी झाली, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. आठव्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं आणि काय काय तपासलं ते नीट समजावून सांगितलं. पुन्हा करूनही दाखवलं. कापसाचा बोळा पिळून त्याचं टोक काढलं, अगदी धाग्याएवढं, आणि आईच्या उघड्या डोळ्याला लावलं. डोळ्याला! ऋतुजाचे स्वतःचे डोळे मिटले गेले होते. उघडले तेव्हा आईचा डोळा तसाच होता, उघडा, ओला, छताकडे. पापणी हलली नव्हती. “प्रतिसाद नाही,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “कधी हातापायाची बोटं हलतील, तर घाबरू नका. तो रिफ्लेक्स असतो. मणक्यातून येतो. त्याचा अर्थ त्या परत येतायत असा नसतो.” नवव्या दिवशी दुपारी ती आईच्या एका बाजूला उभी होती, अण्णा दुसऱ्या बाजूला. यंत्र श्वास आत ढकलत होतं, छाती वर, छाती खाली. आणि आईच्या डाव्या हाताचं मधलं बोट हललं. चादरीवर, जरासं. चपातीची कणीक मऊ झाली का बघताना दाबायची ना, तसं. ऋतुजाने मान वर केली. अण्णा यंत्राच्या आकड्यांकडे बघत होते. तिने वाट बघितली, हे काही बोलतील. मग अण्णा म्हणाले, “डाक्टर इचारत्यात, यंत्र काढायचं का. मला काय कळत न्हाई. तू शिकलेली हायस. तू सांग.” तेव्हा ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वय वर्षं एकवीस. ती म्हणाली, “काढा.”

बोटाचं तिने कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सगळे म्हणाले, पोरीनं धीर दाखवला, बापापेक्षा घट्ट निघाली. आत्याने कौतुकाने तिच्या गालावरून हात फिरवला होता. मग तिने वाचलं, किती वाचलं, ग्रंथालयात बसून, मोबाइलवर, लपून. सगळीकडे तेच, डॉक्टरांचं खरं होतं, अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. शास्त्राच्या बाजूने तिची सुटका झालेलीच होती. पण माणूस शास्त्रावर झोपतो थोडाच? एक बोट हललं होतं, ते एकट्या तिनेच बघितलं होतं, आणि तरीही ती हो म्हणाली होती; आणि त्या ‘हो’च्या ओझ्याखाली ती दोन वर्षं टिकून होती एकाच आधारावर, की हललेलं सगळं जिवंत नसतं. समुद्रावर पर हलला तेव्हा तो आधार तिने परत एकदा घट्ट धरला. त्या सकाळी डोळ्याला बोट लावून पापणी आकसली असती तर? तिने ते कासवासाठी टाळलं नव्हतं. स्वतःसाठी टाळलं होतं. आणि आता तो आधार पाठीवर पिस्ता आकडा घेऊन मालवणच्या बाजूला पोहत होता.

दुपारी आमोद स्लाइडा लावत बसला तेव्हा ती जिन्यात गेली आणि फोन लावला. तनुजाताईंनी पहिल्या रिंगलाच उचलला.

“ताई, तेवीस माझा.”

“अंदाज होताच. मराठी आकडे बाकी कोण काढतं.” पलीकडे वारा होता, किनाऱ्यावरच असणार. “फॉर्म समोर आहे? रकान्यात काय लिहिलंयस?”

“प्रतिसाद नाही.”

“लावलं होतंस बोट?”

जिन्यातून दोन मुली हसत खाली उतरत होत्या, त्या जाईपर्यंत ती थांबली. “नाही.”

तनुजाताई रागावतील म्हणून तिने दात आवळले होते. त्या रागावल्या नाहीत. “आणि बाकीच्यांना? तू केलेले एकूण किती?”

“अठरा.”

“अठरांना लावलंस?”

“एकालाही नाही.”

“बरं,” तनुजाताई म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हे ‘बरं’ होतं. “त्यातले सडलेले किती? ते राहू देत, त्यांच्याबद्दल कुणाचं दुमत नाही. ताजे किती होते?”

“तेवीस धरून पाच.”

“त्या पाचांपुढचं ‘मृत’ खोड. ‘खात्री केली नाही’ असं लिही. संध्याकाळपर्यंत शीट पाठव. ग्रुपवर मी सांगते की आमच्याकडून चूक झाली. शुक्रवारी मात्र तू स्वतःच्या तोंडाने सांगायचंस, टाळ्यांच्या आधी.” मग आवाज थोडा उतरला. “मुली, माझ्याही हातून एकदा झालंय. वेगळं, पण झालंय. एक विचारू? लावायला भीती वाटत होती का?”

ऋतुजाने हो म्हटलं. कसली भीती ते त्यांनी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. फोन बंद झाल्यावर ती जिन्यातच बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडून पाच ठिकाणी ‘मृत’ खोडलं. खात्री केली नाही. खात्री केली नाही. खात्री केली नाही. पाच वेळा लिहून झालं तरी तिचे हात थांबत नव्हते, अजून कुठे तरी ते लिहायचं राहिलं आहे असं वाटत होतं. एकटं असणं म्हणजे घरात कुणी नसणं, अशी तिची समजूत होती. ते तसं नव्हतं. एखादी गोष्ट जगात फक्त आपण बघितलेली असणं, आणि दुसरा कुणी म्हणणार नसणं की हो, मीही होतो तिथे, हे एकटं असणं होतं. कासवाच्या बाबतीत निदान व्हिडिओ होता.

ती घरी पोचली तेव्हा ऊन खोल्यांच्या पत्र्यांवरून खाली उतरलं होतं. सात नंबरची भिंत चुन्याने पांढरीफेक झाली होती आणि अण्णा स्टुलावर उभे होते, हातात ब्रश, खाली फरशीवर रंगाचा नवा डबा. तोच पिस्ता. चुन्याखाली सातचा आकडा गेला होता, तो परत काढायचा होता. तिला बघून ते स्टुलावरून उतरले आणि ब्रश तिच्यापुढे धरला. हे नेहमीचंच होतं. ती चौथीत होती तेव्हापासून खोल्यांचे आकडे तीच काढायची. अण्णा दार रंगवायचे आणि आकड्याला तिला हाक मारायचे, तुझं अक्षर चांगलं, तू शिकलेली. मीटरवरची नावं तिनेच घातली, बिल्डरच्या कागदावर कुठे सही करायची ते तिनेच वाचून दाखवलं.

तिने ब्रश घेतला नाही. बॅग खांद्यावरून उतरवली आणि भिंतीला टेकवली. “अण्णा, तुमच्या रंगाचं कासव सापडलं,” ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आकडा, पर, डोळा, तो रकाना, होडीवरचा ओरडणारा माणूस. अण्णा ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, “मंजी जिवंत व्हतं.” “हो.” “आन्‌ तुला दिसलं व्हतं हलल्यालं.” “हो.” ब्रशवरून रंगाचा एक थेंब त्यांच्या चपलेवर पडला. तिला वाटलं आता ते म्हणतील, जाऊ दे, जनावर हाय, सुटलं ना. तसं ते म्हणाले असते तर ती आत निघून गेली असती, आणि पुढची दहा वर्षं गॅस संपलाय, जेवलीस का, यात गेली असती.

“तुझ्या आयचंबी बोट हललं व्हतं,” अण्णा म्हणाले.

पाच नंबरमधलं पोरगं सायकलची घंटी वाजवत अंगणातून गेलं. ऋतुजाला आधी कळलंच नाही की हे कोण बोललं.

“डावा हात. मधलं बोट. मी बगितलं.”

“तुम्ही यंत्राकडे बघत होता.”

“नंतर. आधी बोट बगितलं, मंग तिकडं बगत राह्यलो.” त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निपटला, परत निपटला. “डाक्टरनं सांगितलं व्हतं, त्याला काय अर्थ नसतो. मला पटलं बी व्हतं. पर तोंडातून शबूद फुटंना. बोट हलल्यावर काढा म्हनायचं कसं? म्हनून तुला इचारलं.”

“म्हणून?” तिचा आवाज इतका वर गेला की सहा नंबरमधली बाई दारात आली आणि आत गेली. “म्हणून मला विचारलंत? मीही बघितलं होतं ते बोट! अण्णा, मी एकवीस वर्षांची होते!” तिला प्रचंड राग आला होता. दोन वर्षं ती गोष्ट तिने एकटीने गिळली होती, आणि हा माणूस भिंतीपलीकडच्या खोलीत तीच गोष्ट घेऊन झोपत होता. दोघं ताटाला ताट लावून जेवत होते. वाटून घेतलं असतं तर निम्मं झालं असतं, असं काही नाही, पण निदान! रागाखाली दुसरंही काही तरी होतं. ती पायरीवर बसली आणि रडली, चांगली आवाज काढून, दवाखान्यात रडली नव्हती तशी. अण्णा जवळ आले नाहीत. त्यांना ते जमत नाही, कधीच जमलं नाही. ते ब्रश धरून उभे राहिले, आणि त्यांचीही मान हलत होती, नाही नाही म्हटल्यासारखी.

“तुला वाटलं आसंल, बा ला काय दिसलं न्हाई,” ते बऱ्याच वेळाने म्हणाले. “मलाबी तेच वाटलं, पोरीला काय दिसलं न्हाई. बरं झालं म्हनलं.”

तिने ओढणीने तोंड पुसलं. भिंतीवरचा चुना सुकत आला होता.

“त्या कासवाचा रंग जाईल का गं?” अण्णांनी विचारलं.

“जाईल. पाण्यात असतं ते. पाठीचा वरचा थर निघत जातो.”

“लवकर न्हाई जायचा,” ते म्हणाले. “चांगल्यातला हाय. दाराचा चार वर्सं झाली, निघाला न्हाई.” मग त्यांनी डबा पायाने जरा पुढे सरकवला आणि ब्रश परत तिच्यापुढे धरला. “सात काढून दे. उद्या बिऱ्हाड येतंय.”

ऋतुजा उठली. डबा उचलला, दोन्ही हातांनी धरला, स्टुलाशेजारी जाऊन उभी राहिली. “तुम्ही काढा,” ती म्हणाली.

“माजं वाकडं येतं.”

“येऊ दे वाकडं. मी डबा धरते.”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग भिंतीला हात लावून ते सावकाश स्टुलावर चढले, ब्रश डब्यात बुडवला आणि पांढऱ्या भिंतीवर टेकवला. पहिली रेघ गोल यायला हवी होती ती मध्येच खाली घसरली, रंगाचा ओघळ चौकटीपर्यंत आला. त्यांनी थांबून खाली बघितलं. ती डबा धरून तशीच उभी होती. त्यांनी परत वर बघितलं आणि राहिलेला आकडा काढायला घेतला.